कायदा पुस्तकात, नोटीस हातगाडीवर

अन्नसुरक्षेचा कायदा कोणता, असे विचारले तर वकील सांगतील, २००६ चा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम. संसदेने केला, ५ ऑगस्ट २०११ पासून देशभर लागू झाला, त्याखाली नियम आले, विनियम आले. उत्तर बरोबर आहे. पण नगरच्या माळीवाडा बसस्थानकाबाहेर भेळेची गाडी लावणाऱ्याला, पाथर्डीच्या आठवडी बाजारात भजी तळणाऱ्या बाईला किंवा श्रीरामपूरच्या खाटीक बांधवाला हा कायदा कधी भेटत नाही. त्यांना भेटतो तो एक कागद. कधी त्याचे नाव अधिसूचना, कधी आदेश, कधी परिपत्रक, कधी नुसती 'सल्लागार सूचना'. शिक्का असतो, सही असते, कलमाचा आकडा असतो. वाचायला वेळ मिळत नाही, कारण कागद दाखवणारा माणूस घाईत असतो आणि गाडीवाला घाबरलेला.

हा लेख त्या कागदाबद्दल आहे. अधिनियम बदलायला संसद लागते. विनियम करायचा तर कलम ९२ प्रमाणे आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, केंद्र सरकारची मान्यता लागते आणि कलम ९३ प्रमाणे तो संसदेसमोर ठेवावा लागतो. अधिसूचनेला आणि परिपत्रकाला यातले फारसे काही लागत नाही. म्हणून रोजच्या जगण्यावर खरे राज्य चालते ते या खालच्या पायरीवरच्या कागदांचे. आपल्या चळवळीने अॅट्रॉसिटीचा कायदा कलमासकट पाठ केला, आरक्षणाचे शासन निर्णय पाठ केले. अन्नाच्या कागदांकडे मात्र आपण अजून पोटापाण्याची किरकोळ बाब म्हणून पाहतो. टपरी, हातगाडी, मटणाचे दुकान, दुधाची किटली यांवर जगणारी माणसे कोण आहेत हे आपल्याला ठाऊक असूनही.

आधी एक गोष्ट मान्य करू. नोटिशीशिवाय अन्नाचा कायदा चालूच शकत नाही. भेसळ करणारा रोज नवी युक्ती काढतो आणि विनियम बदलायला वर्षे जातात. गुटख्याचेच बघा. २०११ च्या विनियमांत २.३.४ क्रमांकाची तरतूद आहे की कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घटक म्हणून वापरायचे नाही. सरळ वाक्य आहे. कंपन्यांनी काय केले? पानमसाल्याची पुडी वेगळी काढली, तंबाखूची वेगळी. घेणाऱ्याने दोन्ही विकत घेऊन तोंडात एकत्र करायच्या! विनियम जिथल्या तिथे आणि धंदाही जिथल्या तिथे. ही फट बुजवली अधिसूचनेने. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न सुरक्षा आयुक्तांनी कलम ३०(२)(अ) खाली बंदी घातली आणि पुढे सुगंधित तंबाखू, सुपारीही तिच्यात ओढली. तोंडाच्या कर्करोगाने आपल्या वस्त्यांतली किती घरे उघडी पडली आहेत हे मी वाचकांना सांगायची गरज नाही. या बंदीला माझा विरोध नाही.

पण त्या कलमात एक मुदत आहे. आयुक्ताला बंदी घालता येते ती जास्तीत जास्त एक वर्ष. कायदा करणाऱ्यांच्या मनात हा तातडीचा अधिकार होता. साथ आली, विषबाधा झाली, तर तात्पुरता माल थांबवा आणि तेवढ्या अवधीत कायमचा नियम करा. महाराष्ट्राने २०१२ पासून दरवर्षी तीच बंदी नव्या तारखेने काढली आहे. दशक उलटले तरी 'तात्पुरते' चालूच आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी २०२२ मध्ये आणि मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये नेमके हेच बोट ठेवून अशा अधिसूचना रद्द केल्या. एप्रिल २०२३ मध्ये दिल्लीच्या खंडपीठाने एकल निकाल फिरवला आणि मद्रासच्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. म्हणजे बंदी टिकली. पण प्रश्न उरतोच. विधानसभेत बसलेल्या आमदारांना इतक्या वर्षांत यावर एक साधा कायमचा कायदा करायला वेळ का मिळाला नाही? कायदा करायचा तर चर्चा होते. चर्चा झाली तर गुटखा बनतो कुठे, राज्याच्या सीमा ओलांडतो कसा, कोणाच्या गोदामात उतरतो, हेही कोणीतरी विचारते. अधिसूचनेला कोणी काही विचारत नाही.

आणि पकडला कोण जातो? गुटखा पकडल्याच्या बातम्या काढून वाचा. कारखानदाराचे नाव क्वचित, टपरीवाल्याचे हमखास. त्यातही महाराष्ट्रात एक वेगळी रीत पडली. अन्नसुरक्षा कायद्यातील शिक्षा अपुरी वाटली म्हणून भारतीय दंड विधानाची कलमे जोडायची. सरकारी आदेश मोडला म्हणून १८८, भेसळ म्हणून २७२, २७३ आणि चक्क विष देण्याचे ३२८, ज्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती आणि जामीन सहज नव्हता. औरंगाबाद खंडपीठाने असे गुन्हे रद्द केले होते, आणि आपला जिल्हा याच खंडपीठाखाली येतो. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्या न्यायालयाने सांगितले की दोन्ही कायद्यांखाली कारवाईला आडकाठी नाही. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील रामनाथ यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की असुरक्षित अन्नाच्या बाबतीत विशेष कायद्याचे कलम ५९ वरचढ, २७२ आणि २७३ त्याच्यासोबत लावता येणार नाहीत. सहा वर्षांत सर्वोच्च न्यायालयाचा सूर इतका बदलतो. दोन पुड्यांसाठी पकडलेल्या पोराने त्या सहा वर्षांत काय करायचे?

आता दुसरी बाजू. या कागदांना आव्हान देता येते, आणि ते जिंकताही येते. फक्त वकील परवडला पाहिजे. मे २०१३ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे दिल्लीतील केंद्रीय अन्न प्राधिकरणाने, एक सल्लागार सूचना काढली आणि नव्या उत्पादनांना आधी मंजुरी घ्या असे फर्मावले. व्हायटल न्यूट्रास्युटिकल्स ही कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. ३० जून २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की विनियम करण्याची कायद्यात दिलेली वाट सोडून काढलेल्या अशा सूचनेला कायद्याचे बळ नाही. १९ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच महिन्यात मॅगीचा निकाल लागला. जून २०१५ मधला बंदीचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. कारण काय? कंपनीचे म्हणणे नीट ऐकून घेतले नाही, नैसर्गिक न्यायाचे तत्त्व पाळले नाही, आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांना त्या तपासणीची रीतसर मान्यता नव्हती.

मॅगी चांगली की वाईट हा विषय बाजूला ठेवा. निकालातले तत्त्व सोन्यासारखे आहे. ऐकून घेतल्याशिवाय कोणाचा धंदा बंद करायचा नाही आणि मान्यता नसलेल्या प्रयोगशाळेच्या अहवालावर कोणाला गुन्हेगार ठरवायचे नाही. हे तत्त्व नेस्लेसाठी जेवढे आहे तेवढेच पाथर्डीच्या भजीवालीसाठी आहे. तिला ते कोणी सांगितलेले नाही, एवढाच फरक.

आपल्या जिल्ह्याला दुधाची भाषा चांगली कळते, म्हणून दुधाचे उदाहरण घेऊ. २१ ऑगस्ट २०२४ रोजी एफएसएसएआयने सूचना काढली की दुधाच्या आणि तुपाच्या पाकिटांवर 'ए १', 'ए २' असे दावे करू नका, विनियमांत अशा भेदाला आधार नाही. 'ए २' दूध म्हणजे देशी गाईचे, म्हणून पवित्र, म्हणून दुप्पट भाव, हा धंदा तुम्हाला माहीत आहे. २६ ऑगस्टला, म्हणजे पाचव्या दिवशी, सूचना मागे. कारण दिले की संबंधितांशी आणखी सल्लामसलत करायची आहे. पाच दिवसांत सल्लामसलतीची आठवण झाली! टपरीवाल्याच्या अधिसूचनेबाबत ही आठवण २०१२ पासून कोणाला झालेली नाही. त्याच वर्षी, ८ एप्रिलला, आणखी एक आदेश निघाला. ज्या कीटकनाशकांची भारतात मर्यादाच ठरलेली नाही, त्यांच्यासाठी मसाल्यांत किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमऐवजी ०.१ मिलिग्रॅमपर्यंत अंश चालतील. दहापट सूट. तुमच्या माझ्या घरातल्या मिरचीपुडीवर परिणाम करणारा निर्णय, आणि तो आला एका आदेशाने.

दुधात आणखी एक गंमत आहे. विनियमाप्रमाणे गाईच्या दुधात ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ असले की ते दूध कायद्याने शुद्ध. पण राज्य सरकारचे दुधाच्या भावाचे आणि अनुदानाचे कागद बोलतात ३.५ आणि ८.५ ची भाषा. त्यापेक्षा खाली आले की भाव कापला जातो. एका कागदाने शुद्ध ठरलेले दूध दुसऱ्या कागदाने कमी प्रतीचे. ज्याच्याकडे वीस गाई आणि मुरघास आहे तो निभावून नेतो. बांधावरचे गवत कापून एक गाय सांभाळणारी भूमिहीन बाई संकलन केंद्रावर गप्प उभी राहते. जुलै २०२४ मध्ये अकोले तालुक्यातील कोतूळला दूध उत्पादक धरणे धरून बसले होते. त्या आंदोलनाची मागणी लिटरला चाळीस रुपये भावाची होती. पण भावाच्या मागे उभे असलेले हे दोन आकडे कोणी, कुठे बसून ठरवले, हाही मागणीचाच विषय व्हायला हवा होता.

कागद गरिबाला नियम सांगतो आणि साधन देत नाही, याचे सर्वांत घरगुती उदाहरण म्हणजे वर्तमानपत्रात बांधलेला वडापाव. डिसेंबर २०१६ मध्ये सल्लागार सूचना आली की छापील कागदात अन्न बांधू नका, शाईतले विषारी घटक पोटात जातात. २०१८ च्या पॅकेजिंग विनियमांत ती बंदी पक्की झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये प्राधिकरणाला पुन्हा तेच आवाहन करावे लागले. सूचना योग्य आहे, शाई खरोखर घातक आहे. पण दिवसाला शंभर-दीडशे वडे विकणाऱ्याला कोरा कागद रद्दीच्या भावात कोण देणार? नगरपालिका पन्नास जाहिरात फलक लावील, पण एका बाजारात स्वस्त कोऱ्या कागदाचा गठ्ठा ठेवणार नाही.

इथपर्यंत गरीब-श्रीमंत असा भेद झाला. पण या देशात अन्नाचा प्रश्न तिथेच थांबत नाही. अन्न म्हटले की शुद्ध-अशुद्ध येते आणि त्यामागोमाग जात येते. महाडचा इतिहास आपल्या अंगात भिनलेला आहे. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात झाला, जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसे तिथे गेली तोवर कागद कागदच राहिला. नंतर तळे 'शुद्ध' करायला पंचगव्याच्या घागरी ओतल्या गेल्या. तीही एका अर्थी पाण्याची सुरक्षितताच होती, मनुवाद्यांच्या व्याख्येतली! आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. आपल्या बाजूचा कागद किती सहज मागे घेतला जातो, हे आपण तेव्हापासून जाणतो.

आज शुद्ध-अशुद्धतेची ही जुनी व्याख्या अन्नसुरक्षेच्या कलमांचा सदरा घालून येते आहे. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळींना मालकाचे आणि कामगारांचे नाव ठळक लावण्याचा आदेश पोलिसांनी काढला. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. कोणते अन्न विकता ते लिहा, नाव लिहिण्याची सक्ती नाही. न्यायालयाने हेही सांगितले की अन्नसुरक्षा कायद्याने जो अधिकार सक्षम यंत्रणेला दिला आहे तो पोलीस बळकावू शकत नाहीत. त्याच राज्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये हलाल प्रमाणपत्र असलेल्या मालावर बंदी आली होती. आधार कोणता? तेच कलम ३०, तेच 'सार्वजनिक आरोग्याच्या हितासाठी'. आपल्याकडे गुटख्याला लागलेले कलम. निर्यातीच्या मालाला मात्र त्या बंदीतून सूट. परदेशी ग्राहकाने खाल्ले तर आरोग्याला धोका नाही, असेच समजायचे का?

नाव लावण्याने काय बिघडते, असे काही भले लोक विचारतात. बिघडते ते असे की महाराष्ट्रात आडनाव म्हणजे जात. हॉटेलच्या पाटीवर कांबळे, साळवे किंवा शेख वाचून पुढे जाणारी गिऱ्हाईके अजून आहेत, म्हणूनच आपली किती माणसे देवाच्या किंवा गावाच्या नावाने हॉटेल काढतात. ग्राहकाला जाब विचारायला १४ आकडी परवाना क्रमांक पुरतो. तो बिलावर छापायचा आदेश आहेच. तक्रार क्रमांकावरून होते, आडनावावरून होत नाही.

हे उत्तरेतले लोण आहे, आपल्याकडे चालत नाही, असे म्हणण्याची सोय आपल्या जिल्ह्याने ठेवलेली नाही. पाथर्डी तालुक्यातील मढी, कानिफनाथांचे गाव. भटक्यांची पंढरी म्हणतात त्याला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत. यात्रेआधीच्या काळात तळण करायचे नाही, लग्नकार्य करायचे नाही या गावच्या रूढी ते पाळत नाहीत, असे कारण दिले. प्रशासनाने ठराव नियमबाह्य ठरवला, हे बरे झाले. पण रूढीला ठरावाचा शिक्का मारून कोणाच्या पोटावर पाय देता येतो, ही युक्ती आता माहीत झाली आहे. पुढच्याच महिन्यात राज्याच्या एका मंत्र्यांनी, नितेश राणे यांनी, हिंदू खाटकांच्या झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा केली. अन्नसुरक्षेच्या परवान्यात, त्याच्या परिशिष्ट ४ मधल्या कत्तलखान्याच्या अटींत, पाणी आहे, निचरा आहे, जनावराची तपासणी आहे. सुरी धरणाऱ्याचा धर्म लिहायचा रकाना कुठेच नाही.

म्हणून संविधानाचे कलम १३ पुन्हा उघडावे लागते. मूलभूत हक्कांना बाधा आणणारा कायदा त्या मर्यादेत शून्य, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण 'कायदा' म्हणजे काय हे पोटकलम ३(अ) मध्ये सांगितले आहे, तिकडे लक्ष जात नाही. त्या यादीत आदेश आहे, उपविधी आहे, नियम आहे, विनियम आहे, अधिसूचना आहे, आणि त्याच ओळीत रूढी आहे. कायद्याचे बळ घेऊन येणारा कोणताही कागद, मग तो आयुक्ताचा असो की पालिकेचा, समतेच्या, व्यवसायाच्या आणि जगण्याच्या हक्कावर घासून पाहता येतो. रूढीही तशीच.

आता कागद दारात आला तर काय करायचे ते सांगतो, कारण नुसत्या चर्चेने गाडी सुटत नाही. पहिली गोष्ट, तो कोणाच्या सहीचा आहे ते वाचा. कलम ३० ची बंदी फक्त राज्याचा अन्न सुरक्षा आयुक्त घालू शकतो आणि ती राजपत्रात यावी लागते. पोलीस ठाण्याचे किंवा ग्रामपंचायतीचे पत्र म्हणजे ती नव्हे. त्रुटी आढळल्या तर कलम ३२ खाली सुधारणा नोटीस द्यावी लागते, तीत काय सुधारायचे ते लिहावे लागते आणि त्यासाठी किमान १४ दिवस द्यावे लागतात. तिच्यावर आयुक्तांकडे अपील आहे, पण मुदत पंधरवड्याची किंवा त्याहून कमी, त्यामुळे कागद घडी करून गल्ल्याखाली ठेवू नका. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने कारण नसताना माल जप्त केला, छळले, तर कलम ३९ खाली त्याला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम मी मुद्दाम सांगतो, कारण एकाही फलकावर ते लिहिलेले मी पाहिलेले नाही. तक्रार खोटी ठरली तर तक्रारदारालाही दंड आहे, म्हणून पुरावा, पंचनामा, पावती सांभाळून ठेवा. आणि ग्राहक म्हणून कलम ४० आपले आहे. विकत घेतलेले दूध, तेल, खवा आपण स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, नमुना दोषी निघाला तर फी परत मिळते. वस्तीतल्या अंगणवाडीजवळच्या दुकानातले तेल तपासायला बचत गटाने एवढे जरूर करावे.

राहिली ग्रामसभा. याच अधिनियमाच्या कलम १८ मध्ये म्हटले आहे की विनियम तयार करताना खुली सल्लामसलत करायची, आणि ती सर्व स्तरांवरील पंचायतींसह. मिरचीपुडीतले कीटकनाशक, दुधाचे फॅट, टपरीची नोंदणी, हे सगळे ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर कायद्यानेच येऊ शकते. मसुदे निघतात, हरकतींची मुदत दिली जाते, पण ते पडलेले असतात दिल्लीच्या संकेतस्थळावर, आणि बहुतेक इंग्रजीत. तेव्हा पहिली मागणी साधी आहे. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाने प्रत्येक मसुदा आणि प्रत्येक अधिसूचना मराठीत, तारीख, कलम आणि मुदत यांसह, आपल्या फलकावर आणि चौदाही तालुक्यांच्या पंचायत समित्यांत लावावी. येत्या ग्रामसभेत हा एक ठराव मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.